साठा आणि प्रवाह

26 जुलै 2005 हा दिवस मुंबईकर सहजासहजी विसरणार नाहीत. त्या दिवशी सकाळपासूनच्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्यास मात्र जेमतेम 73. या प्रकाराला ‘ढगफुटी’ म्हणण्यात आले. शब्द ठसठशीत खरा, परंतु तो दिशाभूल करणारा आहे. आकाशात पाण्याचा साठा होता आणि तो एकाएकी फुटला, असे चित्र त्यामुळे मनात उभे राहते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला साठा व प्रवाह यांतील भेद आम्ही प्रारंभीच शिकवितो. तिजोरीतील शिल्लक वेगळी, दरमहाची मिळकत वेगळी. तोच भेद येथे लावून पाहावा. ऐन पावसाळ्यात मुंबईवरील हवेतले सारे बाष्प पिळून काढले, तरी जमिनीवर साठ-सत्तर मिलिमीटर पाणी जमेल. मग 944 मिलिमीटर आले कोठून? अर्थात बाहेरून, तासन्‌तास येत राहिलेल्या बाष्पातून.

ही आवक प्रामुख्याने हवेच्या खालच्या थरातून होते. वातावरणातील निम्म्याहून अधिक बाष्प तळच्या दोन-अडीच किलोमीटरांत असते, आणि अरबी समुद्रावरील मोसमी वाऱ्याचा जोरही याच थरात असतो. गडगडाटी मेघात हे बाष्प वर चढून गोठते-निवते, तेव्हा प्रत्येक ग्रॅममागे सुमारे 600 कॅलरी उष्णता मुक्त होते. तिच्यामुळे हवा अधिक वेगाने वर जाते आणि खालून नवे बाष्प ओढून घेते. नफा पुन्हा धंद्यात घालावा, तसा हा व्यवहार. उलट, मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत कित्येकदा ढग गडगडतात, विजा चमकतात, धूळ उडते आणि पदरी चार थेंब पडतात. तळची हवा कोरडी असल्याने आवक तोकडी असते; पडणारे थेंबही वाटेतच आटतात.

तात्पर्य, अतिवृष्टीचा अंदाज घ्यावयाचा तर ढगाइतकेच त्याच्या तळाकडे पाहिले पाहिजे. 2005 साली मुंबईत डॉप्लर रडार नव्हते. ते नंतर आले, हे चांगलेच झाले. परंतु रडारला मुख्यतः थेंब दिसतात, बाष्प दिसत नाही. बाष्प मोजणारे फुगे सामान्यतः दिवसातून दोनदाच सोडले जातात, आणि जेथून माल येतो त्या समुद्रावर अशी निरीक्षणे विरळच. विक्रीची वही चोख आणि आवकेची वही कोरी, असे दुकान किती दिवस चालेल?

आर्द्रता हा एकच घटक नव्हे, आणि ती मोजली म्हणून पाऊस नेमका कोणत्या उपनगरावर कोसळेल हे कळेलच असेही नाही. सांताक्रूझ-कुलाब्याचे आकडेच त्याची साक्ष देतात. तरीही हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प सामावण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते, आणि समुद्र तर तापतोच आहे. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला 25 मिलिमीटर पाऊस गृहीत धरून बांधलेल्या. त्या दुपारी एका तासात शंभराहून अधिक पडला. वाहिन्या रुंद करावयास वर्षे लागतात. शाळा केव्हा सोडावी, कचेरी केव्हा बंद करावी, हे ठरविण्यास मात्र तीन-चार तासांची पूर्वसूचना पुरते. त्या रात्री शाळांत अडकलेली मुले आणि लोहमार्गावरून घरी चालत निघालेले नोकरदार यांना तेवढीच हवी होती. तिच्यासाठी होणाऱ्या खर्चाला उधळपट्टी कोण म्हणेल?