सायकल ट्रॅकमुळे कोंडी होते का? गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातले (बीकेसी) सायकल ट्रॅक काढून ती जागा गाड्यांना द्यायची, असे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) २०२५ मध्ये ठरवले. त्यासाठी सुमारे २५ कोटी रुपयांचा खर्च धरला गेला. अनेकांनी या निर्णयाचे स्वागतही केले, कारण संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर बीकेसीतून बाहेर पडताना होणारा मनस्ताप खरा आहे. पण त्या मनस्तापाचे खापर सायकल ट्रॅकवर फोडण्याआधी काही समजुती तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज : ट्रॅक रस्ता खातात, म्हणून कोंडी होते.

वस्तुस्थिती : रस्त्यावरून किती गाड्या गेल्या यापेक्षा किती माणसे पोचली, हे महत्त्वाचे. रस्त्याची जागा वाटताना वाहनांचा नाही तर माणसांचा विचार करा, हे २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचेच सूत्र आहे. अमेरिकेतील शहरांच्या वाहतूक अधिकाऱ्यांची संघटना ‘नॅक्टो’ हिच्या हिशेबानुसार, सुमारे तीन मीटर रुंदीच्या लेनमधून खासगी गाड्यांनी तासाला ६०० ते १,६०० माणसे जातात. तेवढ्याच रुंदीच्या सुरक्षित सायकल ट्रॅकवरून ७,५०० माणसे जाऊ शकतात.

शिवाय कोंडीचे मूळ बहुतेक वेळा चौकात असते. चुकीच्या वेळांचे सिग्नल, वळण्यासाठी अडून राहिलेल्या गाड्या, कोपऱ्यावर थांबलेल्या रिक्षा, डबल पार्किंग, अशी त्याची कारणे असतात. न्यू यॉर्कच्या कोलंबस अव्हेन्यूवर सायकल ट्रॅक आखताना डावीकडे वळणाऱ्या गाड्यांना चौकात स्वतंत्र जागा दिली. त्यानंतर तिथे गाड्यांना लागणारा वेळ उलट कमी झाला. वाहनांची वाढती संख्या हेही एक कारण आहे. पुण्यात तर २०१८ मध्ये नोंदणीकृत वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली आणि तिने शहराच्या सुमारे ३५ लाख लोकसंख्येलाही मागे टाकले. ज्या रस्त्यांवर ट्रॅकचा मागमूसही नाही, तेही तुंबतात, ते यामुळे.

गैरसमज : ट्रॅक काढून एक लेन वाढवली की प्रश्न सुटतो.

वस्तुस्थिती : चार दिवस सुटतो. रस्ता मोकळा दिसला की बसने जाणारा गाडी काढतो, आडवेळी निघणारा ऐन गर्दीच्या वेळी निघतो आणि नवी लेनही भरते. अमेरिकेतील ह्यूस्टन शहराचा केटी फ्रीवे २००८ मध्ये रुंद करण्यात आला. काही ठिकाणी तो जोडरस्त्यांसह २६ लेनचा झाला. तरीही २०११ ते २०१४ या काळात गर्दीच्या वेळी त्यावरून जायला लागणारा वेळ वाढतच गेला. जिल ड्युरँटन आणि मॅथ्यू टर्नर या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकी शहरांच्या आकडेवारीवरून हेच दाखवले : महानगरांत महामार्गांच्या लेनची एकूण लांबी जितकी वाढते, जवळजवळ त्याच प्रमाणात गाड्यांची धावही वाढते.

कॅनडातल्या ऑन्टारियो सरकारने २०२४ मध्ये टोरंटोतल्या तीन प्रमुख रस्त्यांवरचे ट्रॅक काढण्याचा कायदा केला. कारण दिले होते कोंडीचेच. जुलै २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने ही तरतूद घटनाबाह्य ठरवली. ट्रॅक काढल्याने लोकांच्या जिवाला धोका वाढेल, पण कोंडी कमी होईल याला मात्र पुरेसा आधार नाही, असे न्यायालयाला दिसून आले.

गैरसमज : ट्रॅक रिकामे असतात, म्हणजे ते कोणालाच नको आहेत.

वस्तुस्थिती : पुण्यातल्या एखाद्या ट्रॅकवर सायकल घालून बघा. सुरुवातीलाच पेव्हर ब्लॉक उखडलेले असतात. पुढे फूटपाथवरून निम्मा ट्रॅकवर आलेला डीपी बॉक्स लागतो. मग वडापावची गाडी आणि तिच्यापुढे ओळीने लावलेल्या स्कूटर. बसथांब्याशी ट्रॅक अचानक संपतो. आणि जिथे संरक्षणाची सर्वांत जास्त गरज, त्या चौकात सायकलस्वार बस आणि डंपर यांच्या मध्ये येऊन पडतो. अशा ट्रॅकवर कोणी सायकल चालवत नाही, हा लोकांचा दोष नव्हे. बीकेसीतला ट्रॅकही वांद्रे आणि कुर्ला स्थानकांना नीट जोडला गेला नाही. मग लोकलने येणाऱ्या नोकरदाराला त्याचा उपयोग काय?

तुटक, असुरक्षित ट्रॅक कोणी वापरत नाही, हे स्पेनमधल्या सेव्हिल शहराने ओळखले. तिथे २००६ नंतर सुमारे ८० किलोमीटरचे, गाड्यांपासून वेगळे केलेले आणि एकमेकांना जोडलेले जाळे एका दमात उभारले गेले. काही वर्षांतच तिथल्या सायकलफेऱ्या कित्येक पटींनी वाढल्या. पुणे महापालिकेनेही डिसेंबर २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला आहे. त्यातही सलग जाळ्याचीच कल्पना आहे, पण ती रस्त्यावर उतरलेली नाही.

गैरसमज : आपल्या उन्हापावसात सायकल चालवणे शक्यच नाही.

वस्तुस्थिती : सेव्हिलमध्ये उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. आणि पुणे ‘सायकलींचे शहर’ म्हणून ओळखले जात होते, तेव्हाही इथे वैशाखवणवा होता आणि आषाढातली झडही होती. हवामानापेक्षा कितीतरी जास्त बदलली आहे ती रहदारी. सावलीची झाडे आणि पाणी न साचणारा ट्रॅक मिळाला, तर सहा-सात किलोमीटरचे अंतर आजही आवाक्यातले आहे.

गैरसमज : सायकल ही हौशी लोकांची चैन आहे.

वस्तुस्थिती : २०११ च्या जनगणनेत लोक कामावर कसे जातात, हे विचारले होते. शेतीव्यतिरिक्त काम करणाऱ्यांपैकी सुमारे २.६ कोटी लोक सायकलने जात होते, तर मोटारीने जाणारे होते सुमारे ५४ लाख. म्हणजे सायकलवाले मोटारवाल्यांच्या जवळपास पाचपट. पहाटे ड्यूटीवर निघालेला वॉचमन, बांधकामावरचा गवंडी, पेपर टाकणारा मुलगा, कारखान्याची पाळी संपवून परतणारा कामगार, हे आपले सायकलस्वार. ट्रॅक काढला तरी हे लोक रस्त्यावरून नाहीसे होत नाहीत. ते फक्त ट्रकच्या चाकाजवळ ढकलले जातात.

नुसत्या सायकल ट्रॅकने कोंडी सुटेल, असा दावा कोणी करू नये. भरपूर बस, चालता येतील असे फूटपाथ आणि पार्किंगला शिस्त या गोष्टीही लागतातच. पण वाईट बांधलेल्या ट्रॅकवर उपाय आहे तो नीट बांधण्याचा, उखडून टाकण्याचा नव्हे. तुमच्या प्रभागात ट्रॅक करण्याचा किंवा काढण्याचा प्रस्ताव आला, तर नगरसेवकांना तीन प्रश्न जरूर विचारा : हा ट्रॅक स्टेशन, शाळा, बाजार यांना सलग जोडतो का? चौकात तो सुरक्षित आहे का? आणि त्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर कारवाई कोण करणार? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत ट्रॅकवर हातोडा पडू देऊ नका.