आधी वीज, मग फाइल

आमच्या टीव्हीमागे तळहातावर मावेल एवढा संगणक बसवला आहे, रास्पबेरी पाय ४. त्यावर लिब्रेएलेक ही मोफत प्रणाली आणि तिच्यात कोडी हा प्लेअर. हा प्लेअर मुळात एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी लिहिला गेला. २०१४ पर्यंत त्याचं नाव एक्सबीएमसी होतं. आईच्या नाटकांच्या सीडी, बहिणीच्या लग्नाची कॅसेट, भाच्याच्या वाढदिवसांचे व्हिडिओ असं सगळं एका हार्ड डिस्कवर उतरवून ठेवलं आहे. बघून नात्यातल्या इतरांनीही असे डबे बसवून घेतले. ते अडले की फोन मला येतो.

"संगणक गेला वाटतं," अशीच सुरुवात होते. मी आधी विचारते, "लाल दिवा बघा. सलग पेटलाय का?" पायला मिळणारा दाब ४.६३ व्होल्टच्या आसपास खाली आला, की हा दिवा लुकलुकतो किंवा विझतो. पाय ४ ला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअर देणारा अडॅप्टर लागतो. मोबाइलचा जुना चार्जर आणि बारीक केबल यांवर मेनू छान दिसतो, पण चित्रपट लावला की मागणी वाढते आणि डबा रिस्टार्ट होतो. हार्ड डिस्क जोडल्यावर हे हमखास घडतं, कारण चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात. डिस्कला स्वतंत्र वीज असलेला हब द्यावा. मला येणाऱ्या बहुतेक तक्रारी इथेच मिटतात.

दिवा ठीक आहे, पण टीव्ही 'नो सिग्नल' म्हणतो? पाय ४ ला एचडीएमआयची दोन छोटी तोंडं आहेत. पॉवरच्या पिनेजवळचं वापरा. टीव्ही आधी सुरू करा, डबा नंतर.

आवाज नीट येतो, चित्र मात्र अडखळतं, तेव्हा फाइल तपासायची. पाय ४ ची चिप एचईव्हीसी फाइल ४के पर्यंत सहज उलगडते, एच.२६४ मात्र १०८० पर्यंतच. एव्ही१ साठी तिच्यात सोयच नाही. तो भार प्रोसेसरवर पडतो. व्हिडिओ चालू असताना कीबोर्डवरचं 'ओ' दाबा. डीकोडरच्या नावापुढे 'एचडब्ल्यू' दिसलं तर काम चिप करते आहे, 'एसडब्ल्यू' दिसलं तर प्रोसेसर. अशी फाइल संगणकावर एचईव्हीसीमध्ये बदलून घ्यावी.

डिस्क जोडली की वायफाय मंदावतं, हीही नेहमीची तक्रार. यूएसबी ३ ची उपकरणं २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत गोंगाट करतात. ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क निवडा. त्याहून बरं म्हणजे राउटरपासून सरळ लॅनची वायर ओढा.

राहिलं मेमरी कार्ड. आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि कार्डावर लिहिणं चालू असताना वीज गेली तर त्यावरची माहिती बिघडू शकते. म्हणून डबा नेहमी मेनूतून बंद करावा, आणि लिब्रेएलेकमधल्या बॅकअपच्या सोयीने सेटिंगची प्रत काढून ठेवावी.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दोष कशात होता ते कळतच नाही. आणि घरचे व्हिडिओ दुसऱ्या डिस्कवरही आजच उतरवा. डबा नवा आणता येतो, लग्नाची ती कॅसेट पुन्हा मिळणार नाही.