बाटली कधी भरायची?

जुहूहून विलेपार्ल्याकडे निघालात की वाटेत इर्ला लागते. तिथेच खादी व ग्रामोद्योग आयोगाचे मुख्यालय आहे. नीरा आणि ताडगूळ ही आयोगाची जुनी कामे. १९२४ साली शस्त्रक्रियेनंतर विश्रांतीसाठी जुहूला राहिलेल्या गांधीजींचाही पुढे हाच आग्रह होता, की ताडाच्या रसाची ताडी होऊ न देता गूळ करावा. घरी बिअर कशी आंबते, हे विचारणाऱ्याला मी आधी हा रस समजून घ्यायला सांगतो.

ताडाच्या रसात दहा ते पंधरा टक्के साखर असते. झाडाला बांधलेल्या गाडग्याला आतून चुना फासला, तर सकाळी नीरा उतरते. चुना नसेल, तर हवेतले आणि गाडग्यातले जंगली यीस्ट व जिवाणू रात्रीतच साखरेवर तुटून पडतात. दुपारपर्यंत रस फसफसू लागतो, दिवसभरात त्यात चार-पाच टक्के अल्कोहोल तयार होते आणि पुढे त्याचा शिरका होत जातो. चुन्याने रस अल्कधर्मी होतो आणि सूक्ष्मजीवांचे काम थंडावते.

बिअरमध्येही आंबणेच असते, पण ते हातात ठेवलेले. बार्लीत साखर नसते, पिठूळ स्टार्च असतो. मोड आणून वाळवलेली बार्ली भरडून ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवली, की मोडातली विकरे त्या स्टार्चची साखर करतात. मग हॉप्स ही कडवट फुले घालून उकळी, झटपट थंड करणे आणि निवडक यीस्ट. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी १८८३ मध्ये एकाच पेशीपासून यीस्ट वाढवून दाखवले. त्यानंतर बिअरची चव नशिबावर राहिली नाही. निवडक यीस्टशिवाय दुसरे काही शिरू नये, म्हणून उकळीनंतर जे जे भांडे, नळी, चमचा बिअरला लागेल ते निर्जंतुक हवे.

कायद्याचे आधी स्पष्ट सांगतो. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी बिअर बनवणे गुन्हा आहे. ब्रिटनने १९६३ मध्ये आणि अमेरिकेच्या संघराज्य सरकारने १९७८ च्या कायद्याने घरगुती वापरापुरती मोकळीक दिली. त्यामुळे हे प्रश्न प्रत्यक्षात पडतात ते तिकडे राहणाऱ्या आपल्या मुला-भाच्यांना, आणि काळजी वाटते इकडच्या आईवडिलांना.

त्यांची पहिली भीती असते, डोळे जातील का? २००४ मध्ये विक्रोळीत आणि २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने घेतलेले बळी आपण विसरलेलो नाही. मालवणीत शंभरहून अधिक माणसे गेली. पण त्या दारूतले विष, म्हणजे मिथेनॉल, आंबवण्यातून आलेले नव्हते, ते कारखान्यात वापरायचे मिथेनॉल होते. यीस्ट साखरेपासून इथेनॉल बनवते. मिथेनॉल मुख्यतः फळांतल्या पेक्टिनपासून सुटते आणि बार्लीत पेक्टिन नगण्य असते. बिअरमध्ये ऊर्ध्वपातनही नसते. तेव्हा ही भीती सोडून द्यावी.

खरा धोका बाटलीत असतो. ‘बुडबुडे थांबले, आता भरू का?’ या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच द्यायला हवे. बुडबुडे झाकण सैल असल्यानेही दिसत नाहीत. उत्तर देतो तो हायड्रोमीटर, म्हणजे दुधातले पाणी ओळखणाऱ्या लॅक्टोमीटरचा सख्खा भाऊ. काचेची ती नळी गोड द्रवात वर तरंगते आणि साखर संपत जाईल तशी खाली बुडते. सुरुवातीला १.०५० दाखवणारा आकडा १.०१० च्या आसपास येतो. दोन-तीन दिवस तो जागचा हलला नाही, तरच आंबणे संपले असे समजावे.

कारण बाटलीतला फेस मोजून आणायचा असतो. भरताना दर लिटरला साधारण सात ग्रॅम साखर घालतात. एक ग्रॅम साखरेतून जवळपास अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. बंद बाटलीत तो जायला जागा नसल्याने बिअरमध्ये विरघळतो आणि खोलीच्या तापमानाला आतला दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या जवळ जातो. आता समजा, घाई झाली आणि लिटरमागे आठ-दहा ग्रॅम साखर आंबायची राहिली होती. दाब दुपटीवर जातो, बाटली फुटते, काचा उडतात. म्हणून बाटल्या जाड काचेच्या, दाबासाठीच बनवलेल्या घ्याव्यात. वाइनच्या साध्या बाटल्या, चौकोनी शोभेच्या बाटल्या अजिबात नकोत. रंग तपकिरी असावा. उजेडाने हॉप्समधली संयुगे मोडतात आणि बिअरला उग्र दुर्गंधी येते.

फेस आलाच नाही, तर बहुतेक वेळा बाटल्या थंडीत ठेवलेल्या असतात. वीस-बावीस अंशांत दोन आठवडे द्यावेत. उलट, टेक्सासच्या उन्हाळ्यात आंबवताना तापमान तिशीपार गेले तर घरगुती बिअरचे नेहमीचे यीस्ट थिनरसारखा वास सोडते. नॉर्वेच्या शेतकरी घरांनी जपलेले क्वाइक यीस्ट मात्र पस्तीस अंशांतही चांगले चालते.

नवशिक्याने प्रत्येक वेळी एक बाटली प्लास्टिकची, सोड्याची भरावी. रोज अंगठ्याने दाबून पाहावी. सुरुवातीला ती मऊ लागते. दुकानातल्या न उघडलेल्या सोड्याइतकी टणक झाली, की सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये हलवाव्यात. गारव्यात यीस्ट जवळपास थांबते आणि दाबही उतरतो.