थेंब सोडण्याची विद्या

पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयाच्या नेत्रविभागात डॉक्टरांची खोली आणि औषधांची खिडकी यांच्या दरम्यान, व्हरांड्याच्या कोपऱ्यात, एक लहानसे मेज मांडलेले असे. आणि ज्या कोणाच्या चिठ्ठीवर डोळ्यात घालावयाचे औषध लिहिलेले असेल त्याने खिडकीवरून बाटली घेतल्यावर परस्पर घरी न जाता या मेजापाशी यावे, व तेथे बसलेल्या वयस्क परिचारिकेच्या देखत एक थेंब आपल्या हाताने आपल्या डोळ्यात सोडून दाखवावा, असा तेथील शिरस्ता होता. एका आप्ताच्या उपचारानिमित्त उन्हाळ्याच्या आरंभी मला तेथे वरचेवर जावे लागले. आपली पाळी येईपर्यंत त्या मेजासमोरच्या बाकावर बसून जे पाहावयास मिळाले त्यावरून माझे असे मत झाले आहे की, डोळ्याच्या औषधाचे यश वैद्याच्या चिठ्ठीवर जितके अवलंबून असते, तितकेच ते औषध घालणाऱ्या हातावर असते, आणि या हाताला शिक्षण देण्याची तजवीज बहुतेक ठिकाणी कोणीही केलेली नसते.

थेंब टाकण्यात शिकण्यासारखे काय आहे, असा भाव जवळजवळ प्रत्येकाच्या चेहऱ्यावर असे. एक सेवानिवृत्त गृहस्थ आले. त्यांनी बाटलीचे झाकण उघडून मेजावर पालथे ठेवले, मान मागे टाकली, बाटली कपाळापासून वीतभर उंच धरली आणि थेंब सुटण्याच्या क्षणी डोळा घट्ट मिटून घेतला. पहिला थेंब नाकावर ओघळला. दुसरा पापणीच्या केसांवर अडकला. तिसऱ्या वेळी त्यांनी बाटली इतकी खाली आणली की तिचे टोक पापणीला टेकले. "आजोबा, घाई नाही. बाटली खाली ठेवा आणि आधी हात धुऊन या," असे म्हणून परिचारिकेने त्यांना नळाकडे पाठवले, आणि ते परतल्यावर जो पाठ सुरू झाला तो मी पुढे इतक्यांदा ऐकला की त्यातील एकेक पायरी आजही माझ्या डोळ्यांपुढे उभी राहते.

हात साबणाने धुवावयाचे आणि स्वच्छ कपड्याला पुसावयाचे. पदराला किंवा धोतराच्या सोग्याला पुसलेला हात त्या बाई धुतलेला मानीत नसत. मग बाटलीवरचे नाव वाचावयाचे, कारण कानात घालावयाच्या औषधाची बाटलीही तशीच दिसते आणि घरातील कपाटात दोन्ही शेजारी शेजारी उभ्या असतात. काही औषधांत मूळ द्रव्य विरघळलेले नसते, केवळ तरंगत असते, व बाटली स्थिर राहिली म्हणजे ते तळाशी बसते. अशी बाटली नीट हलवून घेतली नाही, तर आरंभीचे कित्येक दिवस रोगी नुसते पाणी घालतो आणि अखेरीस गाळ. झाकण काढले की ते स्वच्छ जागी आडवे ठेवावयाचे. दातांत धरावयाचे नाही. त्यानंतर मान मागे टाकून, किंवा ज्यांना मान वळवणे जिकिरीचे आहे त्यांनी सरळ उताणे निजून, दृष्टी छताकडे लावावयाची आणि एका बोटाने खालची पापणी हलकेच ओढावयाची, म्हणजे पापणी व डोळा यांच्यामध्ये एक लहानसा खिसा तयार होतो. थेंब पडावयाचा तो या खिशात. बुबुळावरील पारदर्शक पटल हा शरीरातील अत्यंत संवेदनशील भागांपैकी एक आहे. थेंब थेट तेथे पडला म्हणजे डोळा दचकून मिटतो आणि औषध गालावर येते. बाटलीचे टोक खिशाच्या वर बोटभर अंतरावर असावे, पापणीला, केसांना वा बोटाला त्याचा स्पर्श होऊ नये. ज्यांचा हात कापतो त्यांनी बाटली धरलेल्या हाताचे मनगट कपाळावर टेकवावे. डोळ्यात थेंब पडला की नाही हेच न कळणाऱ्या एका वृद्धेला त्या म्हणाल्या, "आजी, ही बाटली फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही. थेंब गार लागला की पडला म्हणून समजा."

थेंब पडल्यानंतर बहुतेकांना काम संपले असे वाटते, आणि ते पापण्यांची जोराने उघडझाप करू लागतात. वस्तुतः खरे महत्त्वाचे काम येथून पुढे असते. डोळा हलकेच मिटावा, आवळू नये, आणि नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यावर बोटाचे टोक ठेवून दोन-तीन मिनिटे सौम्य दाब द्यावा. या दोन-तीन मिनिटांचे महत्त्व समजण्यासाठी डोळ्याची रचना थोडी तपशिलाने पाहिली पाहिजे. डोळ्यावर एरवी असणारे अश्रू सुमारे 7 मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरच्या हजाराव्या भागाच्या सातपट, इतके अल्प असतात, आणि पापणीच्या त्या खिशात फार तर 30 मायक्रोलिटरच्या आसपास द्रव मावतो. बाटलीतून सुटणारा एक थेंब मात्र बहुधा 30 ते 50 मायक्रोलिटरचा असतो. तात्पर्य, पहिल्याच थेंबाने पात्र काठोकाठ भरते, आणि खात्रीसाठी म्हणून घातलेला दुसरा थेंब पहिल्याला ढकलून बाहेर काढतो. त्यातच डोळा सतत नवे अश्रू निर्माण करून जुने वाहून नेत असतो, त्यामुळे आलेले औषध पाचेक मिनिटांत बहुतांशी निघून जाते. दोन वेगवेगळी औषधे असतील तर त्यांत किमान पाच मिनिटांचे अंतर ठेवावे व मलम सर्वांत शेवटी घालावे, हा नियम येथूनच आला आहे.

वाहून जाणारे औषध जाते कोठे? पापण्यांच्या आतल्या कोपऱ्याशी दोन सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून अश्रू एका पिशवीत, तेथून नाकात आणि नाकातून घशात उतरतात. म्हणूनच डोळ्यात औषध घातल्यावर घशाला कडू चव लागते. नाकाच्या आतील त्वचा औषध फार लवकर शोषून घेते, आणि पोटात गेलेल्या औषधाला प्रथम यकृताची जी चौकी ओलांडावी लागते ती या वाटेने आलेल्या औषधाला लागत नाही. ते सरळ रक्तात मिसळते. काचबिंदूसाठी दिल्या जाणाऱ्या टिमोलॉलच्या थेंबांनी दम्याच्या रोग्याचा श्वास कोंडू शकतो, तो याच कारणाने. कोपऱ्यावर ठेवलेले बोट ही वाट काही काळ बंद करते व औषध डोळ्यातच थांबवते. दम्याचा, हृदयाचा किंवा अन्य काही विकार असल्यास तो डोळ्याच्या डॉक्टरांनाही सांगितला पाहिजे, कारण डोळ्याचे औषध डोळ्यापुरते राहत नाही.

त्या मेजापाशी जे प्रसंग घडले त्यांतील एक मला विशेष लक्षात राहिला. जुन्नरच्या बाजूची एक बाई आपल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. मुलाच्या पापण्या काळवंडलेल्या, डोळे लालसर, उजेडाकडे पाहवत नसल्याने मान खाली, आणि दोन्ही मुठींनी डोळे चोळणे अखंड चाललेले. दरवर्षी उन्हाळा लागला, धूळ उडू लागली की हे सुरू होते आणि पाऊस पडला की कमी होते, असे आई सांगत होती. हा उन्हाळी ॲलर्जीचा नेत्रविकार उष्ण व कोरड्या प्रदेशांत, विशेषतः मुलग्यांत, पुष्कळ आढळतो. वरची पापणी उलटून पाहिली की तिच्या आतल्या बाजूस फरसबंदीसारखे उंचवटे दिसतात, आणि डोळ्यातून तारेसारखा लांब चिकटा निघतो. पुष्कळ मुलांचा हा विकार वयात आल्यावर आपोआप ओसरतो. तोवरची वर्षे मात्र सांभाळून काढावी लागतात.

परिचारिकेने प्रथम त्या मुलाचे हात आपल्या हातात घेतले. "बाळा, चोळलंस की बरं वाटतं ना? पण मग परत जास्त खाजतं की नाही?" मुलाने मान हलवली. त्याच्या अनुभवाला शास्त्राचा पूर्ण आधार आहे. ॲलर्जीत ज्या पेशी हिस्टामीन नावाचे द्रव्य सोडून खाज उत्पन्न करतात त्या चोळण्याच्या आघाताने अधिकच फुटतात. खाजेमुळे चोळणे, चोळण्यामुळे खाज असे हे चक्र चालू राहते, आणि वर्षानुवर्षे जोराने चोळलेल्या डोळ्याचे पारदर्शक पटल पातळ होऊन शंकूच्या आकाराने पुढे येण्याचा धोका असतो. म्हणून खाज सुटली की स्वच्छ कापड गार पाण्यात भिजवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यांवर ठेवावे. बाहेरून आल्यावर तोंड धुवावे. उन्हात जाताना टोपी घालावी. औषधांपैकी ओलोपाटाडीनसारखी काही औषधे थोड्या मिनिटांत खाज शमवतात. क्रोमोग्लायकेटसारखी काही मात्र त्या पेशींना हळूहळू स्थिर करतात व त्यांचा पूर्ण गुण येण्यास कित्येक दिवस, कधी काही आठवडेही लागतात. चौथ्या दिवशी "याने काही फरक नाही" म्हणून बाटली टाकून देणारा रोगी औषधाला संधीच देत नाही.

हे सर्व समजावून होत असता त्या माउलीने पिशवीतून दुसरी एक अर्धी संपलेली बाटली काढली. "सिस्टर, हे टाकलं की लगेच थंड पडतं. रिकामं खोकं दाखवलं की दुकानदार देतो." परिचारिकाबाईंनी बाटलीवरचे नाव वाचले आणि एक शब्दही न बोलता त्या मुलाला पुन्हा आत डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. ते स्टेरॉइडचे औषध होते. डोळ्यातील दाब मोजला तेव्हा तो, सामान्यतः 10 ते 21 मिमी पारा ही जी मर्यादा मानतात तिच्या वरच्या काठाशी निघाला.

स्टेरॉइडला मी वाईट म्हणत नाही. योग्य रोगात, योग्य मुदतीपुरते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या या औषधाने अनेक डोळे वाचले आहेत. पण जे औषध सर्वांत जलद सुख देते त्याचीच अधिक चौकशी केली पाहिजे असे मला त्या दिवसापासून मनःपूर्वक वाटते. काही व्यक्तींच्या डोळ्यातील दाब या औषधाने काही आठवड्यांतच वाढू लागतो. तो वाढताना बहुधा दुखत नाही, लाली येत नाही, उलट डोळा शांत दिसतो. आणि आत दृष्टीची मज्जा हळूहळू सुकत जाते. अशा रीतीने गेलेली दृष्टी परत येत नाही. दीर्घकाळ वापराने मोतीबिंदूही होतो, आणि पटलावर हर्पीसच्या विषाणूची किंवा बुरशीची जखम असेल तर ती या औषधाने चिघळते. कायद्याने हे औषध चिठ्ठीवाचून विकता येत नाही. व्यवहारात जुने खोकेच चिठ्ठीचे काम करते. 2023 च्या पावसाळ्यात आळंदीच्या परिसरात आणि मग महाराष्ट्रभर डोळे येण्याची मोठी साथ पसरली. अशा साथी बहुधा विषाणूंच्या असतात, आणि स्वच्छता व थोडा धीर एवढ्यावर पुष्कळांचे डोळे बरे होतात. अशा वेळी शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याचीच बाटली मागून आणणे यात रोग घेणे आणि धोका घेणे अशा दोन्ही गोष्टी घडतात.

केवळ लाली घालवणारे थेंबही दुकानात मिळतात. ते रक्तवाहिन्या आकुंचित करतात, लालीचे मूळ कारण मात्र तसेच राहते. आणि त्यांची सवय लागली की औषधाचा अंमल उतरताच लाली पूर्वीपेक्षा अधिक जोमाने परतते. मध, गुलाबपाणी, काजळ, सुरमा यांविषयी एवढेच सांगतो की त्यांतील कोणतीही वस्तू जंतुरहित नसते आणि काही सुरम्यांत शिसे आढळलेले आहे. आजीच्या मायेबद्दल मला पूर्ण आदर आहे. सुजलेल्या डोळ्यात मात्र यांतले काहीही जाऊ नये.

बाटली उघडली की तिच्यावर त्या दिवसाची तारीख शाईने घालावयाची, असा त्या मेजावरचा आणखी एक नियम होता. छापील मुदत ही न उघडलेल्या बाटलीची असते; उघडलेली बाटली साधारण महिन्याने, कित्येक औषधांच्या बाबतीत 28 दिवसांनी, औषध शिल्लक असले तरी टाकून द्यावी. जंतूंना प्रतिबंध करणारे द्रव्य ज्यात घातलेले नसते अशा एकवेळच्या कुप्या तर उद्यासाठी ठेवूच नयेत. 2023 साली अमेरिकेत, तमिळनाडूत तयार झालेल्या व असे द्रव्य नसलेल्या कृत्रिम अश्रूंच्या वापराशी संबंधित एका चिवट जंतूचा फैलाव उघडकीस आला. त्यात कित्येकांची दृष्टी गेली आणि काहींचे प्राणही गेले. ज्यांत प्रतिबंधक द्रव्य असते त्या बाटल्यांचाही एक दोष आहे: ते द्रव्य मऊ काँटॅक्ट लेन्स शोषून घेते, म्हणून थेंब घालण्यापूर्वी लेन्स काढावी आणि निदान पंधरा मिनिटे परत घालू नये. डोळे लाल असता लेन्स न वापरणेच उत्तम.

लहान मुलांसाठी त्या बाईंची निराळी रीत होती. रडणाऱ्या मुलाच्या पापण्या बळेच ताणण्याऐवजी त्याला उताणे निजवून डोळे मिटू द्यावयाचे, नाकाजवळच्या कोपऱ्यात एक थेंब ठेवावयाचा, आणि गोष्ट सांगत सांगत वाट पाहावयाची. मूल डोळे उघडते तेव्हा थेंब आपोआप आत जातो. जुन्नरच्या त्या मुलाने मात्र आईची मदत नाकारून आपला थेंब आपणच घातला, आणि तो पहिल्याच प्रयत्नात खिशात पडला.

सुटी होण्यापूर्वी त्या बाई प्रत्येकाला एक गोष्ट विचारून घेत: कोणत्या वेळी बाटलीला हात लावायचा नाही? उत्तर पाठ असल्यावाचून त्या सोडीत नसत. डोळा खाजण्याऐवजी दुखू लागला, दिसणे अंधुक झाले, उजेड अकस्मात असह्य झाला, बुबुळावर पांढरा डाग दिसला, किंवा उसाच्या पात्याचा, भाताच्या लोंबीचा फटका डोळ्याला बसला, तर घरातला कोणताही थेंब न घालता त्याच दिवशी डॉक्टरांना डोळा दाखवायचा. आणि तंबाखूच्या चुन्याची पुडी दाबताना मुलाच्या डोळ्यात चुना उडाला, तर औषध शोधण्यात वा वाहन बोलावण्यात एक क्षणही न घालवता पापण्या उघड्या धरून, चुन्याचे दिसणारे कण काढून टाकीत, नळाच्या स्वच्छ पाण्याची धार निदान वीस मिनिटे डोळ्यावर सोडत राहायचे, आणि मगच रुग्णालयाकडे निघायचे.