फरीदाबाद ‘एक्स्पोनेन्शियल’ वाढतंय का?

फरीदाबादला आग्रा कालव्यापलीकडच्या नहरपार भागात फ्लॅट बघायला गेलात, तर एक शब्द हमखास कानावर पडतो: एक्स्पोनेन्शियल. शहर एक्स्पोनेन्शियल वाढतंय, भाव एक्स्पोनेन्शियल चढणार! बोलणाऱ्याला म्हणायचं असतं ‘झपाट्यानं’. गप्पांमध्ये तेवढ्यानं भागतं, पैसे गुंतवताना भागत नाही.

गणितात घातांकी वाढीची अट एकच: ठरावीक काळात दर वेळी तितक्याच पटीनं वाढ. वेगाशी तिला देणंघेणं नाही. बचत खात्यावर वर्षाला अडीच टक्के व्याज मिळून ते मुद्दलात जमा होत राहिलं, तर तीही घातांकी वाढच. रक्कम दुप्पट व्हायला मात्र अठ्ठावीस वर्षं लागतील.

आता जनगणनेचे आकडे घ्या. फरीदाबाद शहराची लोकसंख्या 1981 साली सुमारे 3.3 लाख होती, 1991 ला 6.2 लाख, 2001 ला 10.6 लाख आणि 2011 ला 14.1 लाख. टक्क्यांत मांडलं तर दशकागणिक वाढ जवळपास 87, मग 71, मग 34. पट घसरतच गेली. एवढंच नव्हे, शेवटच्या दशकात भर पडलेली माणसंही आधीच्या दशकापेक्षा कमी. पहिली पट टिकली असती, तर 2011 मध्ये शहर 21 लाखांच्या पुढं असतं.

यात नवल नाही. असलेल्यातूनच नवं निपजतं तिथं घातांकी वाढ शोभते: व्याजावर व्याज, जंतूंतून जंतू. फरीदाबाद तसं वाढलंच नाही. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी इथं एनआयटी, म्हणजे न्यू इंडस्ट्रियल टाउन, वसलं. मग कारखाने आले, त्यांच्यामागून कामगार. बाहेरून येणारी माणसं रोजगार पाहून येतात. गावात आधीच किती जण आहेत हे मोजून नव्हे.

दुसरा गैरसमज जाहिरातींच्या फार सोयीचा. ‘तेव्हा इतका, आता इतका’ असे दोन आकडे दाखवायचे आणि वाढ एक्स्पोनेन्शियल ठरवून मोकळं व्हायचं. दोन बिंदूंमधून सरळ रेषाही जाते आणि वक्रही. निदान तिसरा आकडा हवाच. ‘हा फ्लॅट त्याहून एक्स्पोनेन्शियली मोठा’ हे तर निव्वळ निरर्थक.

आणि हो, घातांकी म्हणजे वाढच असं नाही. किरणोत्सारी पदार्थाची घटही याच नियमानं होते.

खरी घातांकी वाढ पाहायचीच असेल, तर क्रेडिट कार्डाचं थकीत बिल काढा. महिना 3 टक्के म्हणजे वर्षाला 36 नव्हे, साडेबेचाळीस टक्क्यांहून जास्त. एक पैसाही न भरता ते तसंच राहू दिलं, तर दोन वर्षांच्या आत दुप्पट. त्या बिलावर ‘एक्स्पोनेन्शियल’ हा शब्द कुणी छापत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी नहरपारला कुणी हा शब्द वापरला, तर दर दहा वर्षांचे निदान तीन आकडे मागा. मिळाले नाहीत, तर त्या शब्दासाठी वेगळे पैसे मोजू नका.