योनाला आलेला राग

आमच्या संडे स्कूलमध्ये योना संदेष्ट्याची गोष्ट दरवर्षी होते आणि दरवर्षी ती माशापाशी अडकते. मुलं निळ्या खडूनं भलाथोरला मासा काढतात, त्याच्या पोटात हात जोडून बसलेला माणूस काढतात, तोवर वेळ संपते. पवित्र शास्त्रातलं हे पुस्तक इनमीन चार अध्यायांचं. त्यात मासा येतो जेमतेम तीन वचनांत. खरं भांडण आहे चौथ्या अध्यायात. ते आम्हा मोठ्यांसाठी लिहिलंय असं माझं मत, म्हणूनच बहुधा आम्ही तिथवर जात नाही.

देव योनाला सांगतो, निनवेला जा आणि त्या शहराचा न्याय जवळ आलाय असं कळव. योना याफो बंदरावर जाऊन नेमक्या उलट दिशेचं जहाज धरतो. घाबरून पळाला असं मुलांना वाटतं. पण निनवे म्हणजे अश्शूरी साम्राज्याचं महानगर, आजच्या इराकमधल्या मोसुलसमोर तैग्रिस नदीच्या पूर्वेला. इ.स.पू. 722च्या सुमारास अश्शूरी फौजांनी इस्राएलचं उत्तरेकडचं राज्य पुसून टाकलं. इ.स.पू. 701मध्ये अश्शूरी राजा सन्हेरीब यानं यहूदातलं लाखीश शहर जिंकलं आणि त्या विजयाची शिल्पं निनवेतल्या आपल्या महालात कोरून घेतली. ती आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. सुळांवर चढवलेली माणसं, जिवंतपणी कातडी सोलली जाणारी माणसं, गाड्यांवर बसून देशोधडीला निघालेली बायका-मुलं. मी त्यांचे फोटोच पाहिलेत, तेवढे पुरे झाले.

योनाचं पुस्तक या घटनांनंतर बऱ्याच काळानं, बोधकथा म्हणून लिहिलं गेलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे निनवे हा शब्द ऐकताच पहिल्या वाचकांच्या अंगावर काटा येत असणार. अशा शहराला न्यायाची बातमी द्यायची तर योनानं उड्या मारत जायला हवं होतं. तो का पळाला, हे तो शेवटी स्वतःच देवाला सुनावतो: तू दयाळू आहेस, लगेच रागावत नाहीस, शिक्षा मागे घेतोस, हे मला ठाऊक होतं. तुझ्या दयेचीच मला धास्ती होती!

आणि होतंही तसंच. जहाजावरून समुद्रात पडलेल्या योनाला मासा गिळतो आणि पुन्हा किनाऱ्यावर टाकतो, मग तो निनवेत जातो आणि चाळीस दिवसांनी शहर उलथेल एवढंच सांगतो. हिब्रूत अवघे पाच शब्द. पश्चात्ताप केलात तर वाचाल, असं तो चुकूनही बोलत नाही. तरी राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो, माणसांना आणि गुराढोरांनासुद्धा गोणताट नेसवतो, सगळ्यांना उपास घडवतो. (गोणताट नेसलेल्या म्हशीचं चित्र काढा म्हटलं की मुलं माशाला विसरतात.) कुणी सांगावं, देवाचं मन वळेलही, एवढ्याच आधारावर तो हे करतो. आशा म्हणजे काय असं कुणी विचारलं, तर मी या राजाकडे बोट दाखवीन. त्याच्या हातात वचन नाही, हमी नाही.

पण त्याच्या फर्मानात एक अट आहे आणि ती उपदेशांत फारशी ऐकू येत नाही. प्रत्येकानं आपल्या हातून होणारा जुलूम थांबवावा. देव बघतो तोही गोणताटाकडे नाही, तर ते वाईट वाट सोडतात की नाही याकडे. ख्रिस्ती विश्वासात न्याय आणि दया यांची जी सांगड आहे, ती इथं स्पष्ट दिसते. न्यायाचा इशारा खरा ठरू नये, म्हणूनच दिलेला असतो. चाळीस दिवसांची मुदत हीच दया.

हे पटायला सोपं नाही. माझ्या एका मावशीची जमीन ज्यानं लाटली, तो पुढं पश्चात्ताप करून मंडळीत आला, पहिल्या बाकावर बसून मोठ्यानं गायला लागला. जमीन मात्र परत आली नाही. मावशी म्हणायची, “त्याला स्वर्ग मिळो बापडा, पण माझ्या शेजारची जागा देऊ नका.” निनवेच्या कसोटीवर घासलं तर मावशीचं म्हणणं मला अजून रास्त वाटतं. जुलूम न सोडता मागितलेली दया योनाच्या पुस्तकात कुणाला मिळालेली नाही.

पण निनवेनं तो सोडला होता आणि योनाचं दुखणं नेमकं तेच आहे. तो शहराबाहेर रुसून बसतो. देव त्याच्या डोक्यावर सावलीला एक झाड उगवतो, दुसऱ्या दिवशी ते किडीनं वाळतं आणि योना झाडासाठी मरणाइतका हळहळतो. तेव्हा देव विचारतो: तू न लावलेल्या झाडाचा तुला एवढा कळवळा, मग उजवं-डावं न कळणाऱ्या एक लाख वीस हजारांहून जास्त माणसांचा आणि एवढ्या गुरांचा मला नसावा? पुस्तक इथंच थांबतं. योनाचं उत्तर नाही. गंमत अशी की निनवेविरुद्धचं दुसरं पुस्तक, नहूमचं, तेही प्रश्नानंच संपतं, पण तो अश्शूरच्या राजाला विचारलेला आहे: तुझा जाच झाला नाही असं कुणी आहे का? दोन्ही प्रश्न एकाच शास्त्रात ठेवलेत, कुणीही एक खोडलेला नाही. निनवे इ.स.पू. 612मध्ये पडलंच.

मोसुलमधली योनाची मानली जाणारी कबर जुलै 2014मध्ये इसिसनं सुरुंगांनी उडवली. त्याच महिन्यात तिथल्या ख्रिस्ती कुटुंबांना घरंदारं सोडून पळावं लागलं. त्यांच्या सिरियाक परंपरेत निनवेच्या पश्चात्तापाची आठवण म्हणून दरवर्षी तीन दिवसांचा उपास असतो. केरळमध्येही तो पाळतात आणि कुरविलंगाडच्या चर्चमध्ये योनाच्या जहाजाची प्रतिकृती खांद्यावर घेऊन मिरवणूक निघते.

येशूनं योनाची ही गोष्ट काढली ती त्याच्याकडे चिन्ह मागायला आलेल्या शास्त्री-परूश्यांसमोर, म्हणजे धर्म काटेकोर पाळणाऱ्यांसमोर. तो मत्तयाच्या बाराव्या अध्यायात सांगतो की न्यायाच्या दिवशी निनवेकर उठून या पिढीला दोषी ठरवतील, कारण त्यांनी योनाचं ऐकून पश्चात्ताप केला होता.