आते-मामे लग्नावरचे खापर
इंदुरीत काय किंवा मावळात कुठेही काय, मूल जन्मजात दोष घेऊन आले की खापर आते-मामे लग्नावर फुटते. डॉ. भेंडे यांनी १९५२ साली मुंबईत नोंदवलेल्या ‘बॉम्बे’ रक्तगटाबाबत (तो आजार नव्हे, हे खरे) संशय रास्त ठरतो. तिथे आई आणि बाप दोघांकडूनही निकामी जनुक यावे लागते. नूनन सिंड्रोम या जन्मजात विकारात मात्र बहुतेकदा जनुकाची एकच बदललेली प्रत पुरते. सुमारे निम्म्या रुग्णांत ती पीटीपीएन-११ जनुकाची असते. ‘पण घराण्यात कुणालाच नाही!’ हा आक्षेप टिकत नाही. बदल पुष्कळदा त्या मुलातच नव्याने घडतो. कधी सौम्य लक्षणांचा, जरा बुटका बाप आयुष्यभर निदानावाचून राहतो. म्हणून आईबापांचीही तपासणी हवी: बाधित पालकाच्या प्रत्येक अपत्याला धोका ५० टक्के असतो.